‘एवढं आवरून येते हं’

प्रश्न : ताई, मला दोन मुलं. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा पावणेदोन वर्षांचा. मी नोकरी करते. संध्याकाळी साडेसहाला घरात पाऊल टाकलं की आधी दिसतो तो पसारा. खेळणी, उशा, फाडलेले कागद, वाळून आलेले पण घड्या न घातलेले कपडे. खांद्यावरची पर्स उतरवायच्या आत माझे हात आवरायला लागलेले असतात. मुलगी मागे मागे फिरते, ‘आई, चल ना’. मी म्हणते, ‘एवढं आवरून येते हं.’ ते आवरेपर्यंत जेवणं, मग भांडी, मग झोप. परवा तिने सोफ्याच्या उशा आणि चादरी लावून घर बांधलं होतं आणि मला आत बोलावत होती. मी म्हटलं, आधी चादरींच्या घड्या करू. ती रडली नाही, हट्ट केला नाही. स्वतःच एकेक उशी उचलून जागेवर ठेवायला लागली. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आईचं घर नोकरी सांभाळून लख्ख असायचं. मला ते जमत नाही आणि सोडवतही नाही. नवरा म्हणतो, ‘राहू दे ना, कोण बघतंय?’ पण पसारा तसाच ठेवून मुलांजवळ बसले तरी लक्ष त्या कपड्यांच्या ढिगाकडे. काय करू? त्यातून पुढच्या रविवारी नणंद सहकुटुंब येतेय. तिचं घर म्हणजे बघायलाच नको!
– पसाऱ्यात अडकलेली आई

उत्तर : ‘कोण बघतंय?’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मिस्टरांना कळवून टाका : मी बघतेय. पसारा दिसला की तुमचं लक्ष तिथून हटत नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. त्यामुळे ‘मुलं लहान आहेत तोवर पसारा होऊ द्या, पुढे सगळं नीटनेटकंच राहणार आहे, मग रिकाम्या घरात बसून रडाल’ छापाचा सल्ला मी देणार नाही. तो तुम्हाला डझनभर लोकांनी आधीच दिला असेल. तो ऐकून आईचा अपराधीपणा वाढतो आणि कपडे तिथेच राहतात. नीटनेटकं घर आवडणं हा काही दुर्गुण नाही. ज्या घरात वस्तू जागेवर सापडतात त्या घरात सकाळची अर्धी चिडचिड कमी होते, हे मुलांच्याही फायद्याचंच आहे.

माझं बोट आहे ते ‘एवढं’ या तुमच्या मोजमापावर. पावणेदोन वर्षांचं मूल ज्या घरात जागं आहे, तिथे ‘एवढं’ कधी संपतच नाही. तुम्ही कप्पा लावता तेव्हा तो मागच्या बाजूने टोपली उलटी करत असतो. डब्यातलं बाहेर काढायचं, परत घालायचं, पुन्हा काढायचं, यातूनच या वयात आत-बाहेर, जड-हलकं, मावतं-मावत नाही हे कळत जातं. म्हणजे तो त्याचं काम करतोय आणि तुम्ही ते पुसत जाताय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. मुलीला मात्र तुम्ही अशा कामाच्या रांगेत मागे उभं केलंय, जे संपल्यावर तिचा नंबर लागणार आहे. तो लागत नाही. यात तुमचं प्रेम कमी पडत नाही, रांगच चुकीची लागली आहे.

घर आवरणं हे असं काम आहे की त्याला जेवढा वेळ द्याल तेवढा ते खातं. याचा एक जुना पुरावा आहे. जोआन व्हॅनेक या अमेरिकन संशोधिकेने १९७४ साली तिथल्या घरकामाच्या वेळेचा हिशोब मांडला. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२०च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करायच्या. मधल्या काळात घरोघरी नळाचं गरम पाणी, वीज, कपडे धुण्याची मशीन असं सगळं आलं. १९६०च्या दशकात आकडा किती झाला असेल? ५५ तास. कपड्यांवर जाणारा वेळ तर मशीन येऊनही वाढला, कारण कपडे जास्त झाले आणि ते धुतलेही जास्त वेळा जाऊ लागले. यंत्रांनी जेवढा वेळ वाचवला तेवढी ‘स्वच्छ’ची पट्टी वर सरकली. तेव्हा ‘थोडा जोर लावला की एकदाचं होऊन जाईल’ या आशेवर राहू नका. या कामाचा शेवट कामाच्या पोटात नसतो, तो बाहेरून घालावा लागतो.

म्हणून सांगते, आवरणं घड्याळावर थांबवायचं. झालं की थांबेन असं नाही, साडेआठ वाजले की थांबेन. त्या क्षणी हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल असेल तर तो तसाच ठेवायचा. पहिले काही दिवस हात शिवशिवतील. शिवशिवू द्या.

आणि क्रम उलटा करायचा. घरी आल्यावर पहिला नंबर मुलांचा. हातपाय धुतले, कपडे बदलले की थेट जमिनीवर बसायचं. सोफ्यावर बसू नका, सोफ्यावरून माणूस पटकन उठतं. फोन दुसऱ्या खोलीत. साधारण वीस-पंचवीस मिनिटं. खेळ कोणता ते मुलगी ठरवेल. तुम्ही शिकवायचं नाही, रंग ओळखून घ्यायचे नाहीत, ‘असं नाही, असं लाव’ म्हणायचं नाही. ती दुकानदार झाली तर तुम्ही गिऱ्हाईक, ती डॉक्टर झाली तर तुमच्या पोटात दुखतंय. धाकटा मध्येच येऊन सगळं उधळून लावेल, त्याला मांडीत घ्या आणि हातात काहीतरी काढण्या-घालण्याचं द्या. आणि एक अगदी साधी गोष्ट : त्या कपड्यांच्या ढिगाकडे पाठ करून बसा. खरोखरची पाठ. डोळ्यासमोर ढीग ठेवून मन आवरायचं हा तपस्व्यांचा उद्योग झाला, दिवसभर काम करून आलेल्या बाईला तो सांगू नये. फार खुपत असेल तर बसायच्या आधी तो ढीग दोन्ही हातांनी उचलून आतल्या पलंगावर टाका आणि दार लोटून घ्या. एक मिनिट लागतं. घड्या नंतर.

हे आधी का, नंतर का नाही? एकतर साडेआठ-नऊला तुम्ही आणि मुलं दोघंही पेंगुळलेले, त्या वेळी खेळ म्हणजे रडारडीला आमंत्रण. दुसरं म्हणजे, दिवसभर तुमची वाट पाहिलेल्या मुलाला आई आधी पोटभर मिळाली की ते बहुतेकदा स्वतःहून सुटं होतं आणि आपल्या नादाला लागतं. मग तुम्ही केलेलं काम पायात मूल न घोटाळता होतं. रोज असंच होईल अशी हमी मी देत नाही. ताप असेल, दुपारची झोप झाली नसेल, तर सोडणारच नाहीत. पण आठवड्याचा हिशोब धरला तर तुमचा वेळ वाचलेलाच दिसेल.

वेळाबद्दल आणखी एक. एलन गॅलिन्स्की या संशोधिकेने १९९९ साली अमेरिकेतल्या हजारावर शाळकरी मुलांना विचारलं होतं : आईवडिलांच्या नोकरीचा तुमच्या आयुष्यावर जो परिणाम होतो त्यात एकच गोष्ट बदलता आली तर काय बदलाल? पालकांना वाटत होतं, मुलं म्हणतील, आमच्याबरोबर जास्त वेळ घालवा. आईकडून आणखी वेळ मागणारी मुलं निघाली दहा टक्के. ‘आई कमी दमलेली, कमी ताणात असावी’ म्हणणारी निघाली जवळजवळ एक तृतीयांश. ही मुलं तुमच्या मुलीपेक्षा मोठी होती, तिसरीपासून पुढची, त्यामुळे ते जसंच्या तसं तिला लावता येणार नाही. तरी त्यात तुमच्यासाठी दिलासा आहे. तुम्हाला दोन-तीन तास शोधायचे नाहीत. कपाळाला आठी नसलेली वीस मिनिटं शोधायची आहेत. आणि उलटही खरं : दात-ओठ खाऊन मुलांजवळ दोन तास बसण्यापेक्षा, शांतपणे गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालणारी आई परवडली.

आता पसाऱ्याचंच बोलू. सगळा पसारा एका मापाचा नसतो. तुम्हाला तो एकच मोठा राक्षस दिसतो, कारण दारातून आत येताना तो एकदम अंगावर येतो. त्याची फोड करा. पावणेदोन वर्षांचं मूल घरात आहे तोवर काही गोष्टी रोज झाल्याच पाहिजेत, तुम्ही कितीही दमलेल्या असा. जमिनीवर छोट्या वस्तू नकोत : मणी, नाणी, पेनाची टोपणं, थोरलीच्या खेळण्यांचे सुटे भाग. साधारण ३ सेंटिमीटरच्या आतलं काहीही त्याच्या घशात अडकू शकतं. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर अजिबात नकोत. रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाणाऱ्या खेळण्यात असतात त्या. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. बादलीत, टबात पाणी साठवून उघडं ठेवायचं नाही, कारण एवढ्या लहान मुलाला बुडायला चार बोटं पाणी पुरतं. औषधं आणि साफसफाईची रसायनं उंचावर, कुलपात. ओटा आणि जेवायची जागा पुसलेली. ओला कचरा बाहेर. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी, म्हणजे रात्री मूल कडेवर घेऊन चालताना ठोकळ्यावर पाय पडून दोघं आपटणार नाही.

हे सगळं मन लावून केलं तरी वीस मिनिटांचं काम आहे. उरलं काय? सोफ्यावरच्या उशा. चुरगळलेली चादर. भिंतीवरची पेन्सिल. पुस्तकांची उतरंड. घड्या न घातलेले पण स्वच्छ कपडे. यातल्या एकानेही कोणाला काही होत नाही. यांना आठवड्यातून दोनदा वेळ द्या, बाकी दिवस त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करा. न घडी घातलेल्या स्वच्छ कपड्यांतून रोजचे कपडे काढून घालणारी कुटुंबं सुखाने नांदताना मी पाहिली आहेत.

पसारा कमी होऊच नये असं मात्र नाही. खेळणी निम्म्याहून कमी करा. टाकून द्यायची नाहीत, एका खोक्यात घालून माळ्यावर. अमेरिकेतल्या टोलीडो विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळण्यांबरोबर खेळायला सोडलं, एकदा १६ खेळण्यांबरोबर. चारच होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. सोळा असताना नुसती याच्यावरून त्याच्यावर. दर पंधरवड्याला खोकं उतरवून अदलाबदल केली की जुनंच खेळणं नवं होतं. रोज संध्याकाळी तुम्ही जे उचलता त्यातलं निम्मं खेळून झालेलं नसतंच, ते फक्त सांडलेलं असतं.

मुलीने स्वतःहून उशा उचलल्या, आणि तुमची झोप उडाली. मला वाटतं, तुम्ही त्यात वाचलंत त्यापेक्षा ते बरंच साधं होतं. आईचा सूर ओळखून तिने खेळ बदलला. मुलांना मोठ्यांच्या कामात हात घालायला आवडतं, आणि ते फार लवकर सुरू होतं. जर्मनीत वार्नेकेन आणि टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दीड वर्षाच्या मुलांवर एक प्रयोग केला. अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातातून चिमटा पडतो, तो वाकून हात लांब करतो, पोहोचत नाही. कोपऱ्यातलं मूल उठतं, दुडदुडत येतं, चिमटा उचलून त्याच्या हातात देतं. कोणी मागितलेलं नाही, शाबासकीची लालूच नाही. त्यानेच मुद्दाम चिमटा फेकला तर मात्र मुलं सहसा जागची हलत नव्हती. म्हणजे मदत कधी लागतेय, तेही त्या वयात कळतं.

तेव्हा खेळ आणि आवरणं यांच्यामध्ये एवढी भिंत कशाला? धाकट्याला मोजे द्या, जोड्या लावायच्या नाहीत, फक्त टोपलीत टाकायचे. थोरलीला रुमालांच्या घड्या. त्या वाकड्या येतील. त्या तिच्यासमोर उलगडून नीट करायच्या नाहीत, हे मात्र पाळाच. नंतर गुपचूपही करू नका. वाकड्या घडीचा रुमाल तेवढंच नाक पुसतो. काम दुप्पट वेळ घेईल. पण तो वेळ तुम्ही मुलीबरोबरच घालवताय, म्हणजे तो दोन्ही खात्यांत जमा. तिचं चादरींचं घर उद्या पुन्हा बांधायला सांगा आणि या वेळी आत जा. रात्रभर राहू द्या ते. चादरी सकाळीही घडी होतात.

तुमच्या आईचं घर लख्ख होतं म्हणता. असेलही. पण ते तुम्ही पाहिलंत मुलीच्या उंचीवरून. ते लख्ख कोण करत होतं, किती वाजता, घरात आणखी किती हात होते, एकूण वस्तू किती होत्या आणि खेळणी किती, हे त्या वयात कळत नाही. आईला एकदा निवांत विचारा : मी चार वर्षांची असताना तुझी संध्याकाळ कशी जायची? उत्तरात काहीतरी असं निघेल जे तुम्हाला ठाऊक नव्हतं. ती कदाचित म्हणेल की मी तुझ्याशी फार खेळले नाही. कदाचित म्हणेल, घर तसं काही नव्हतं गं, तुला वाटतं. काहीही निघालं तरी तुम्ही आज ज्या पट्टीने स्वतःला मोजताय ती पट्टी तपासून झालेली बरी.

आता मिस्टर. ‘राहू दे ना’ ही परवानगी झाली, मदत नव्हे. आणि परवानगी तुम्ही मागितलीच नव्हती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८च्या अहवालात जगभरातल्या बिनपगारी घरकामाचा आणि सांभाळण्याच्या कामाचा हिशोब आहे : बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं, पुरुष १ तास २३ मिनिटं. तुमच्या घरातला आकडा तुम्हीच काढा. भांडण काढायला म्हणून नको. माणसाला आपण किती करतो याचा अंदाज सहसा नसतो, कागदावर आलं की दिसतं. आणि मग ‘मदत कर ना जरा’ असं मोघम म्हणू नका. एक अख्खं काम त्यांच्या नावावर करा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. कपडे म्हणजे धुवायला टाकणं, वाळत घालणं, काढणं, घड्या, कपाटात. आठवण करून देणं हे तुमचं काम नाही, आणि घडी तुमच्यासारखी नसेल तर ती सुधारणंही तुमचं काम नाही. रुमालांचा नियम त्यांनाही लागू. यात तुम्हाला जड जाईल ते देणं नव्हे, दिल्यावर हात मागे घेणं. ढीग तीन दिवस पडून राहील, तुम्हाला वाटेल मीच केलं असतं तर. करू नका. त्यांचे शर्ट संपले की ते करतील.

थोडं गंभीर बोलते. पसाऱ्याने चिडचिड होणं वेगळं आणि एखादी वस्तू जागेवर नसेल तर श्वास कोंडणं, छातीत धडधडणं, तेच तेच पुन्हा पुसल्याशिवाय चैन न पडणं वेगळं. तसंच धाकटा झाल्यापासून झोप उडाली असेल, कशात मन लागत नसेल, मुलांवर आलेला राग आवरता येत नसेल, तर त्याला ‘मीच कमी पडते’ असं नाव देऊन बसू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. पण पत्रात सगळं कुठे येतं.

राहता राहिला रविवार. नणंदबाईंसाठी एक बैठकीची खोली आणि बाथरूम एवढंच करा. आदल्या रात्री एक तास, दोघांनी मिळून. उरलेला सगळा पसारा आतल्या खोलीत टाका आणि दार लावून घ्या. मुलं ते दार उघडणारच, सगळ्यांना आत घेऊन जाणार आणि आपला खजिना दाखवणार, हे गृहीत धरा. नणंदेने नाक मुरडलं तर मुरडू द्या, उत्तर तिच्या भावाने द्यायचं आहे, हे त्यांना शनिवारीच सांगून ठेवा. आणि तिची मुलं आली की खेळण्यांचं माळ्यावरचं खोकं मात्र खाली काढू नका, नाहीतर सोमवारी मला दुसरं पत्र लिहाल.